सांधणी

छत्तीस वर्षं मी लोकांच्या तारा जोडल्या.
"बेळगाव एक्स्चेंज, बोला."
आणि लोक बोलायचे, रडायचे, भावाला शिव्या द्यायचे,
लाइन लागली की माझं काम संपलं,
कानावरचं काढून ठेवून मी चहा प्यायची.

रिटायर झाले, वडगावात दोन खोल्या घेतल्या.
समोर सिद्दव्वाचा हातमाग.
पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींना
झाडूच्या आवाजावरून तेवढं ओळखायचो.
माझं कन्नड कामापुरतं,
तिचं मराठी बाजारापुरतं,
आणि आमच्यात ना काम होतं, ना बाजार.

मग लगमू आला.
आई उद्यमबागेत, फौंड्रीच्या कँटीनला, सुटायची आठला.
शाळा साडेचारला.
मधले साडेतीन तास माझ्या पायरीवर.
पायरीवरच. "लोकांच्या घरात शिरायचं नाही," शपथ घातलेली.
सिद्दव्वानं दारातून भाकरीचा चतकोर दाखवला,
वर शेंगदाण्याची चटणी.
पोरगं बराच वेळ विचार करून म्हणालं,
"तिथं घर कुठाय, तिथं तर माग हाय."
आणि गेलं आत.
त्याच्या मागून, चटणी बघायला म्हणून, मी.

तेव्हापासून ती अव्वा, मी फोनअक्का.

यंदा संक्रांतीनंतर तिचा ताणा संपला.
नवा लावायचा तर जुना उपसून टाकत नाहीत;
फणीत अडकलेली जुनी टोकं तशीच राहू देतात,
नव्याचं एकेक सूत जुन्याच्या एकेक सुताला.
दोन हजार चारशे.
हे काम तिची नणंद करायची.
नणंद गेली दिवाळीआधी,
आणि सिद्दव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
"माग मोडतो आता. लाकूड छलो हाय, सागवान."
बोलताना चटणी कुटत होती,
हात थांबला नाही.

"म्या बांधतो की," लगमू म्हणाला.
अकरा वर्षांचा. बुटाची नाडी अजून मी बांधते.

चार रात्री लागल्या.
बोटांना राख, चिमटीत दोन टोकं, एक पीळ, एक मुरड.
तो सुतं निवडून द्यायचा, मी पिळायची,
मग माझी मान धरली की उलट.
दुसऱ्या रात्री वीज गेली.
भारता पोराला न्यायला आली होती,
चप्पल न काढता उंबऱ्यात उभी;
तिनं मोबाइलचा उजेड धरला.
हात दुखल्यावर बसली.
बसल्यावर चप्पल काढली.
जेवलो तेव्हा साडेअकरा वाजले होते,
चौघांत तीन ताटं,
लगमू तिघींच्या ताटातलं खात फिरत होता.

केव्हातरी, झोपेत असल्यासारखी, एका गाठीवर मी म्हणाले,
"लाइन जोडलीय, बोला."
लगमू लोळून हसला.
अव्वाला त्यानं कन्नडात समजावलं, बहुतेक चुकीचं,
कारण ती दुसऱ्या दिवशी दुपारी
मागावर एकटीच हसताना मी ऐकली.

रोज सकाळी ती अंगठ्यानं गाठी तपासायची.
दिसत नव्हतं, तरी सांगायची,
इदु निंदु, ही तुझी; इदु हुडुगंदु, ही पोराची.
आमच्याकडं गाठ, तिच्याकडं गंटु.
माझ्या सैल. त्याच्या फुगीर, हट्टी.
पहिल्या दिवशी नऊ तुटल्या.
सात माझ्या.
ती काही बोलली नाही. खाली वाकून पुन्हा बांधल्या,
चाचपत, एकेक.

लुगडं शहापूरच्या पेढीवर गेलं.
मोतीबिंदूची तारीख मिळालीय, पुढच्या बुधवारी,
भारतानं रजा टाकलीय,
लगमूनंही टाकलीय, शाळेला न विचारता.

गाठींची ती वीतभर पट्टी विकत नाहीत,
कापून टाकतात.
लगमूनं ती उचलली.
आमच्या दोन अंगणांमधलं फाटक
रात्री वाऱ्यानं आपटत राहायचं,
कडी कधीच गेलेली.
त्यानं पट्टीनं ते खांबाला बांधून टाकलं.
मी म्हटलं, "अरे, हे तर उघडंच बांधलंस."
"मग?" म्हणाला.
"आपटत न्हाई न्हवं आता."